दारावरचे ब्रदर रॉड्रिग्ज

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात आपण घटकाभर रेंगाळतो. विचारपूस होते, आजाऱ्यांची चौकशी होते, बरे वाटते. पण त्याच दहा मिनिटांत आणखीही एक गोष्ट चाललेली असते. कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाच्या मुलीला बारावीत किती टक्के पडले, कोणी जुने घर पाडून बंगला बांधला, कोणाच्या लग्नाला किती माणसे जेवली. आपण तोंडभरून अभिनंदन करतो आणि घरी पोहोचेपर्यंत मन उगीचच जड झालेले असते. सकाळी निघताना जे पुरेसे वाटत होते, तेच परतताना कमी वाटू लागते. ख्रिस्तशरीर स्वीकारून अर्धा तासही झालेला नसतो! हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. त्या रेंगाळणाऱ्यांत मीही असतो.

अशा वेळी मला एका संताची आठवण होते. आडनाव ऐकून ते आपल्याच गावातले कोणी वाटावेत. त्यांचे नाव संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज. ते स्पेनचे, सोळाव्या शतकातले. ते धर्मगुरू झाले नाहीत. त्यांनी कोणता संघ स्थापन केला नाही, दूरदेशी जाऊन मिशनकार्य केले नाही, रक्त सांडून हौतात्म्यही पत्करले नाही. सेहेचाळीस वर्षे ते एका कॉलेजच्या घरात ब्रदर म्हणून राहिले आणि त्यांतली बहुतेक वर्षे त्यांनी त्या घराचे दार उघडले आणि लावले. एवढेच त्यांचे काम.

अल्फोन्ससचा जन्म १५३२ साली सेगोव्हिया या शहरात झाला. रोमन लोकांनी बांधलेला उंच दगडी जलसेतू आजही तिथे उभा आहे. त्या काळी हे शहर लोकर आणि कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. अल्फोन्ससचे वडीलही लोकरीचे व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी, भावंडे बरीच, वातावरण श्रद्धावंत. अल्फोन्स दहा-बारा वर्षांचा असताना या घरात एक पाहुणा काही दिवस राहून गेला. तो पाहुणा म्हणजे पीटर फेबर. संत इग्नाशियस लोयोला यांचे हे पहिले सोबती. पॅरिसमध्ये शिकत असताना इग्नाशियस, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे तिघे एकाच खोलीत राहत. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी फेबर यांना संतपद बहाल केले. त्यांनी लहानग्या अल्फोन्सची पहिल्या कम्युनियनसाठी तयारी करून घेतली.

जरा विचार करा. साधारण त्याच सुमारास, १५४१ साली, फेबर यांचे खोलीमित्र फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून जहाजात बसले आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरले. पुढे ते आपल्या वसईलाही येऊन गेले. अशा माणसाच्या मित्राच्या मांडीला मांडी लावून ज्या मुलाने प्रश्नोत्तरे पाठ केली, त्याच्या पुढ्यात केवढे आयुष्य पसरलेले होते! निदान सुरुवात तरी तशीच झाली. अल्फोन्स आणि त्याचा थोरला भाऊ यांना आल्काला या विद्यापीठाच्या शहरी येशूसंघाच्या नव्या कॉलेजात शिकायला पाठवण्यात आले.

जेमतेम वर्ष झाले असेल, वडील वारले. अल्फोन्सला घरी बोलावण्यात आले. शाळा सुटली ती सुटलीच. आईला दुकानात मदत करायला कोणीतरी हवे होते. घराची जबाबदारी एकाने उचलायची आणि पुस्तक दुसऱ्याने हातात धरायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांत घडलेली आहे! ज्याने शाळा सोडली, त्याला पुढे आयुष्यभर शिकलेल्या भावंडांच्या पंगतीत बसताना काय वाटते, हे त्यालाच माहीत.

पुढे आईने धंदा अल्फोन्स यांच्यावर सोपवला. सव्विसाव्या वर्षी त्यांचे मारिया सुआरेझ हिच्याशी लग्न झाले. तीन मुले झाली. इथून पुढची चार-पाच वर्षे मी लिहिताना नेहमी थबकतो. धंदा बसत चालला होता. एक मूल गेले. पत्नी गेली. आणखी एक मूल गेले. आईही गेली. एकतीस-बत्तीस वर्षांचा हा माणूस विधुर झाला आणि त्याच्या पदरी एक लहानसा मुलगा तेवढा उरला. अल्फोन्स यांनी दुकान विकले आणि मुलाला घेऊन ते आपल्या दोन अविवाहित बहिणींच्या घरी राहायला गेले.

त्या बहिणींचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण ब्रदर रॉड्रिग्ज यांच्या संतपणात त्यांचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. त्या साध्या, देवभीरू बायका होत्या. रोज ठरलेल्या वेळी शांत बसून प्रभूच्या जीवनावर मनन करायची त्यांची सवय होती. त्यांनी भावाला ती शिकवली. त्याला उपदेश केला नाही, त्याची समजूत घालत बसल्या नाहीत, जवळ बसवून घेतले. प्रभू येशूचे दुःखसहन डोळ्यांपुढे आणता आणता अल्फोन्स यांना आपले आजवरचे आयुष्य वेगळे दिसू लागले. तोवर ते आपल्याकडून काय काय हिरावले गेले ते मोजत होते. आता आपल्यासाठी क्रुसावर कोणी काय दिले तिकडे त्यांचे लक्ष गेले. मग तो उरलेला मुलगाही गेला. त्या बापाचे दुःख शब्दांत मांडण्याचा प्रयत्न मी करणार नाही. एवढेच ठाऊक आहे की या घावाने अल्फोन्स प्रभूपासून दूर गेले नाहीत. उरलेले आयुष्य व्रतस्थ होऊन प्रभूला वाहायचे असे त्यांनी ठरवले.

त्यांनी सेगोव्हियात येशूसंघाकडे अर्ज केला. नकार आला. कारणे अगदी रास्त होती. वय चाळिशीकडे झुकलेले, प्रकृती उपास-तपासांनी खालावलेली, शिक्षण अर्धवट. धर्मगुरू होण्यासाठी लॅटिन हवे, ते येत नव्हते. ब्रदर म्हणून कष्टाची कामे करायला ताकद हवी, तीही नव्हती. दोन्ही बाजूंनी माणूस अपुराच पडत होता.

इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. याच शतकात आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांच्याही वाट्याला असाच नकार आला होता. येशूसंघीय फादरांबरोबर ते कोवळ्या वयात जपानला गेले, अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले, पण संघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. नकार मिळालेला माणूस वाया जात नाही. दोघेही एकाच काळातले, आणि दोघांनाही पुढे संतपद लाभले. एकाला क्रुसावरून, दुसऱ्याला दारावरून. पण ज्या दिवशी नकार येतो त्या दिवशी हे कोणाला दिसते?

अल्फोन्स यांनी उरलेली मालमत्ता बहिणी आणि गोरगरीब यांच्यात वाटली आणि ओळखीच्या एका फादरांच्या मागे ते व्हॅलेन्सियाला गेले. फादरांनी सांगितले, लॅटिन शिका. तेव्हा हा जवळपास चाळीस वर्षांचा बाप्या शाळकरी पोरांच्या बाकावर जाऊन बसला. पोटासाठी कधी लोकांच्या घरी चाकरी केली, कधी हात पसरले. ज्यांची वये त्यांच्या गेलेल्या मुलांएवढी असती, त्या पोरांना धडा चटकन पाठ व्हायचा आणि यांना होत नसे. पोरे हसली असतीलच, पोरे हसतातच.

या दिवसांत त्यांच्याकडून एक चूक झाली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच शिकायला धडपडणारा एक माणूस त्यांना भेटला. दोघांची मैत्री जमली. त्या मित्राला तपस्वी होऊन डोंगरात एकांतात राहायची ओढ होती. त्याने अल्फोन्स यांनाही आग्रह केला. लॅटिनच्या बाकावर झगडत बसण्यापेक्षा एकांतवासातली तपश्चर्या किती थोर! अल्फोन्स भुलले आणि मित्राच्या मागे डोंगरातल्या मठीत गेले. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की आपण देवाची हाक ऐकून नव्हे, दुसऱ्याचा मार्ग अधिक पवित्र दिसतो म्हणून इथे आलो. ते परतले, फादरांपुढे चूक कबूल केली आणि यापुढे स्वतःच्या मर्जीने चालायचे नाही असा निश्चय केला.

शेजाऱ्याच्या बंगल्याचा हेवा आपल्याला निदान कळतो तरी. पण शेजाऱ्याच्या भक्तीचा हेवा? अमक्याची प्रार्थना किती रसाळ, तमकी रोज मिस्सेला जाते, त्यांच्या घरात दोन सिस्टर आणि एक फादर झाले, आमच्या घरात कोणीच नाही. हा हेवा प्रार्थनेचे कपडे घालून येतो, म्हणून ओळखू येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्राचेही असेच झाले आहे. पुनरुत्थित प्रभूने नुकतेच त्याला आपली मेंढरे सांभाळायला सांगितले होते. केवढा मान! पण पेत्राने मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहिले आणि याचे काय, असे विचारले. प्रभूने त्याला स्पष्टच बजावले की त्याच्याशी तुला काय करायचे आहे, तू माझ्यामागे ये. चाळीस वर्षांचे अल्फोन्स डोंगरातून उतरले ते हेच ऐकून, असे म्हणायला हरकत नाही.

१५७१ च्या जानेवारी अखेरीस त्यांना येशूसंघात ब्रदर म्हणून प्रवेश मिळाला. परीक्षा घेणाऱ्या फादरांचे मत पुन्हा प्रतिकूलच पडले होते. पण त्या प्रांताच्या प्रोव्हिन्शियलनी ते बाजूला सारले. हा माणूस फादर होण्याच्या कामाचा नसेल, ब्रदर होण्याच्याही कामाचा नसेल, पण संत होण्यासाठी त्याला आत घ्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचे ते काहीसे बोलले असे सांगतात. सहा महिन्यांनी अल्फोन्स यांची रवानगी भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर झाली. तिथे पाल्मा या बंदराच्या शहरी संघाचे मोंतेसिओन नावाचे कॉलेज उभे राहत होते. ते त्या घरात शिरले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला पडेल ते काम, आणि मग दार.

दारावरच्या माणसाचे काम आपल्याला माहीत आहे. घंटा वाजली की उठायचे. कोण आले ते पाहायचे, ज्यांना भेटायचे त्यांना कॉलेजभर शोधून आणायचे, निरोप पोहोचवायचे, भिकाऱ्यांना अन्न द्यायचे, बाजारात जाऊन यायचे, रात्री कुलूप लावायचे. या दारातून विद्वान प्राध्यापक जात-येत. तरुण विद्यार्थी येत, तीन-चार वर्षांत शिकून धर्मगुरू व्हायला, परदेशी मिशनवर जायला निघत. दार उघडून त्यांना आत घेणारे आणि दार उघडून त्यांना निरोप देणारे ब्रदर एकच. जे जे अल्फोन्स यांना हवे होते आणि मिळाले नाही, ते रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते. तुलना करून कुढायचे असेल तर याहून सोयीची जागा सापडणार नाही.

आणखी एक गंमत. त्याच देशात, त्याच काळात, त्याच संघात हुबेहूब त्याच नावाचे एक फादर होते. फादर अल्फोन्सस रॉड्रिग्ज. ते विद्वान. ख्रिस्ती पूर्णत्वाच्या साधनेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १६०९ साली सेव्हिल येथे छापला गेला आणि पुढे शेकडो वर्षे मठामठांतून वाचला गेला. आजही पुष्कळ लोक या दोघांत गल्लत करतात. एकाच नावाचे दोघे, एक ग्रंथकार, एक दरवान!

मग हा दरवान कुढला का नाही? त्याचे उत्तर घंटेत आहे. ब्रदर अल्फोन्स यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली होती. घंटा वाजली की दाराबाहेर प्रत्यक्ष प्रभू उभा आहे असे मनात आणायचे आणि येतो प्रभू, असे म्हणत जायचे. मग दार उघडल्यावर समोर सरदार असो की खरूज झालेला भिकारी, चेहऱ्यावरचे हसू तेच. ऐकायला सोपे वाटते. पण दिवसातून पन्नास वेळा, जेवण अर्धे टाकून, प्रार्थना मोडून, पाय दुखत असताना, वर्षानुवर्षे हे करणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजारी माणूस आहे त्यांना विचारा. ज्याच्यासाठी दार उघडायचे तो प्रभूच असेल, तर ते काम फादरांच्या कामाहून हलके की भारी, हा प्रश्नच उरत नाही. स्तोत्र ८४ मधल्या भक्तालाही देवाच्या घराचा उंबरठा दुर्जनांच्या तंबूंहून प्रिय वाटला होता.

पण हे समाधान म्हणजे निवांत सुख नव्हते. संतांची चरित्रे लिहिताना आपण हा भाग गाळतो आणि मग वाचणाऱ्याला वाटते की आपल्यासारख्यांचे हे काम नव्हे. ब्रदर अल्फोन्स यांना वर्षानुवर्षे प्रार्थनेत कोरडेपणा जाणवला. मोहांनी त्यांना छळले. आपल्या पापांविषयीच्या शंकाकुशंकांनी ते हैराण होत. पत्नी आणि मुलांच्या आठवणींनी त्यांना कधीच गाठले नसेल, असे मानायला मी तयार नाही. पण आत असे वादळ चालू असतानाही घंटा वाजली की ते उठत. मनाला बरे वाटेपर्यंत त्यांनी दार अडवून धरले नाही.

आज्ञाधारकपणाच्या त्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. एकदा रेक्टरनी त्यांची परीक्षा पाहण्यासाठी त्यांना इंडीजला जायची आज्ञा केली, असे सांगतात. म्हातारे ब्रदर तडक दाराकडे निघाले. जाणार कसे, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर एवढेच होते की बंदरावर जाऊन जहाज शोधतो, आणि नाहीच मिळाले तर पुढचे पुढे. ही गोष्ट वाचून हसू येते. पण मिशनवर जाण्याची वाट ज्याला कधीच मोकळी झाली नाही, त्याच्या पायांची ती लगबग पाहून मला गलबलूनही येते. दुसरी गोष्ट पाल्माजवळच्या बेलव्हेर किल्ल्याच्या चढणीची. एका फादरांच्या सोबतीला ते तो डोंगर चढत असताना थकून घामाघूम झाले. तेव्हा पवित्र मरियामातेने येऊन त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, अशी तिथली परंपरा आहे. जपमाळ त्यांच्या हातातून क्वचितच सुटे, त्यामुळे मायोर्काच्या लोकांना यात काहीच अशक्य वाटले नाही.

हळूहळू लोक त्या घरी फादरांना भेटायला येत आणि दारावरच थांबत. दुःखी, गोंधळलेली, कर्जात बुडालेली माणसे. ज्याची बायको गेली, ज्याचे मूल गेले, ज्याचा धंदा बुडाला, त्याला समजून घेणारा दुसरा कोण होता? मोठमोठे लोकही सल्ला विचारू लागले. सणाच्या दिवशी जेवणघरात त्यांना बोलायला सांगितले जाई, तेव्हा विद्वान फादर उठायचे विसरून ऐकत बसत. वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी आपले आध्यात्मिक अनुभव लिहून ठेवले. त्यांत स्वतःविषयी लिहितानाही ते कोणा तिसऱ्याच माणसाची हकिकत सांगावी तसे लिहितात.

१६०५ साली या दारात पीटर क्लेव्हर नावाचा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी आला. तो तत्त्वज्ञान शिकायला आला होता, पण मनाने चाचपडत होता. आपण काय व्हावे, धर्मगुरूपदाला आपण लायक आहोत का, काही कळत नव्हते. म्हाताऱ्या दरवानाशी त्याची गट्टी जमली. दोघांनी रोज संध्याकाळी थोडा वेळ एकत्र बसायची वरिष्ठांकडून परवानगी घेतली. तीन वर्षे हे चालले. एकीकडे कॉलेजात शिकणारा तरुण, दुसरीकडे लॅटिनच्या बाकावर हरलेला म्हातारा. आणि शिष्य होता तो तरुण!

ब्रदर अल्फोन्स यांनी त्याला अटलांटिकपलीकडच्या देशांविषयी सांगितले. तिथे लाखो जीव तहानलेले आहेत आणि जायला माणसे नाहीत, तू जा, असा आग्रह धरला. परंपरा अशी सांगते की प्रार्थनेत त्यांना एकदा स्वर्गातली सिंहासने दिसली. त्यांतले एक अतिशय तेजस्वी आणि रिकामे होते. ते कोणासाठी, असे मनात येताच ते या तरुण क्लेव्हरसाठी आहे असे त्यांना कळले. वय पंचाहत्तरीला आलेले, चाळीस वर्षे तपश्चर्या केलेली, आणि सर्वांत तेजस्वी आसन कालच्या पोरासाठी! आवारात रेंगाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे दृश्य दिसले असते तर पहिला विचार काय आला असता, ते मला चांगले माहीत आहे. ब्रदर अल्फोन्स यांनी त्या तरुणाला जायला आणखी नेट लावला. आपल्या हातच्या टिपणांची एक वही आणि मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाची छोटी उपासना त्याच्याजवळ दिली.

पीटर क्लेव्हर १६१० साली आजच्या कोलंबिया देशातल्या कार्ताहेना बंदरात पोहोचले. आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेल्या गुलामांची जहाजे तिथे लागत. जहाज आले की ते फळे, औषधे, पाणी घेऊन तळघरात उतरत. त्या अंधारात आजारी आणि मेलेली माणसे एकत्र पडलेली असत. गुलामांचे कायमचे गुलाम राहण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि ते पाळले. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात सांगितली जाते. पण शेवटची चार वर्षे तेच पीटर क्लेव्हर आजारपणात जवळजवळ विसरलेले, एका खोलीत पडून होते. ज्याला त्यांची शुश्रूषा करायला नेमले होते तोही त्यांना नीट वागवत नसे. त्यांनी तक्रार केली नाही. म्हाताऱ्या ब्रदरकडून मिळालेले धडे शेवटपर्यंत पुरले असावेत. १६५४ सालच्या ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, त्यांचे निधन झाले.

ब्रदर अल्फोन्स यांना यातले जवळजवळ काहीच पाहायला मिळाले नाही. १६१६ साली क्लेव्हर धर्मगुरू झाले आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, १६१७ च्या ३१ ऑक्टोबरला, पाल्माच्या त्याच घरात ब्रदर वारले. क्रूसमूर्तीचे चुंबन घेतले, येशूचे नाव घेतले आणि प्राण सोडला. अंत्ययात्रेला बेटाचा व्हाइसरॉय आला, बिशप आले, सरदार आले. त्यांच्यामागे गरिबांची आणि आजाऱ्यांची रीघ लागली. हे सगळे त्यांच्या दारावर येऊन गेलेले होते.

१८८८ सालच्या जानेवारीत पोप लिओ तेरावे यांनी येशूसंघातल्या तिघांना एकाच दिवशी संतपद दिले. त्यांतले एक म्हणजे तीन लाखांना बाप्तिस्मा देणारे पीटर क्लेव्हर. दुसरे जॉन बर्कमन्स. वयाच्या बाविसाव्या वर्षी, शिक्षण पुरे होण्याआधीच ते वारले होते. आणि तिसरे दारावरचे ब्रदर अल्फोन्स.

त्या वर्षी डब्लिनमध्ये येशूसंघाचेच एक फादर ग्रीक भाषा शिकवत होते आणि परीक्षेचे शेकडो पेपर तपासताना मेटाकुटीला आले होते. त्यांचे नाव जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स. नव्या संताच्या पहिल्या सणासाठी त्यांनी ब्रदर अल्फोन्स यांच्यावर एक सुनीत लिहिले. त्या काळात हॉपकिन्स यांना कवी म्हणून कोणी ओळखत नव्हते. आपल्या हातून काहीच झाले नाही, या विचाराने त्यांचे मन खचलेले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते थेट १९१८ साली, आणि आज इंग्रजीतल्या मोठ्या कवींत त्यांची गणना होते. पेपरांचा ढीग बाजूला सारून या माणसाने लिहिले ते एका दरवानावर, याचे मला काही नवल वाटत नाही.

संत अल्फोन्सस यांचे पवित्र अवशेष पाल्माच्या मोंतेसिओन चर्चमध्येच आहेत. त्यांचा सण ३१ ऑक्टोबरला येतो. दुसऱ्याच दिवशी १ नोव्हेंबरला सकल संतांचा सण असतो. सगळे संत आत शिरण्याच्या आदल्या दिवशी ब्रदर रॉड्रिग्ज आपल्या जागी हजर असतात, दारावर.